आधी कीर्द, मग खतावणी

खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईचा माणूस लोणावळा, चिक्की आणि पावसाळी सहलींवर बोलायला लागतो. आमचं खंडाळा ते नव्हे. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं, तालुक्याचं गाव. उत्तरेला नीरा नदी आणि तिच्यापलीकडे पुणे जिल्हा. शिरवळ आणि लोणंद आमच्याच तालुक्यात, सावित्रीबाईंचं नायगावही. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग तालुक्यातून जातो. धरण झालं, कालवे झाले, एमआयडीसी आली आणि प्रत्येकाला जमीन लागली. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांत एक आकडा तोंडपाठ असतो: आपल्या गटाचा फेरफार क्रमांक.

सातबारा सगळ्यांना माहीत असतो. त्यामागचा फेरफार ज्यांना कधी कचेरीत उभं राहावं लागलंय त्यांनाच माहीत. जमीन विकली, वडील वारले, भावांत वाटप झालं, तरी तलाठी थेट सातबाऱ्याला हात लावत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. तिला क्रमांक पडतो. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदींच्या वेगळ्या वहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे ती सातबाऱ्यावर उतरते. तिथेही जुनं नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक घालतात.

हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यांच्या काळात ते दर दहा वर्षांनी नव्याने उतरवून काढत. अशा पुनर्लेखनात कुणा बहिणीचं नाव गळायचं, कुठे क्षेत्राचा आकडा बदलायचा. मग माणसं जुना फेरफार शोधून काढत आणि जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागत. सातबारा चुकला तरी फेरफार शाबूत असेल तर क्रमाने नोंदी लावत तो पुन्हा उभा करता येतो. फेरफारच गेला तर सातबाऱ्यावरचं नाव तिथे कसं आलं, हे सांगणारं कुणी उरत नाही.

मी पुण्यात डेटाबेसवर काम करतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ‘राइट-अहेड लॉगिंग’ शिकवलं तेव्हा फळ्यावरच्या चौकोनांकडे बघून मला गाव नमुना सहा आठवला होता. नियम एकच आहे. मूळ पानावर बदल उतरवण्याआधी तो बदल काय आहे हे एका वेगळ्या वहीत लिही, ती वही पक्की झाल्याची खात्री कर आणि मग पानाला हात लाव. मध्येच वीज गेली तर वही उघड, पूर्ण झालेल्या नोंदी पुन्हा लाव, अर्धवट राहिलेल्या मागे घे. हे सगळं काटेकोरपणे मांडणारा ‘एरिस’ नावाचा प्रबंध १९९२ साली आला. त्याचे पहिले लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी आणि तेव्हा आयबीएममध्ये संशोधक होते. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्या विचाराचं काही ना काही देणं लागतात.

कॉमर्सवाल्यांना तर यात नवल वाटणार नाही. त्यांच्या पुस्तकात जर्नलला रोजकीर्द म्हणतात, लेजरला खातेवही आणि कीर्दीतून खात्यावर नोंद नेण्याला खतावणी. व्यवहार घडला त्या क्रमाने आधी कीर्द, मग खतावणी. पेढीवरचा मुनीम हे जाणून होता. कॉम्प्युटरच्या दुनियेनं शब्दही तोच उचलला, जर्नल.

घोळ होतो तो इथेच, कारण एका मशीनमध्ये दोन कीर्दी असतात आणि त्या दोन वेगळ्या मालकांच्या असतात.

\*

पहिली कीर्द फाइल सिस्टिमची. डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे, किती मोठी आहे, कुठली जागा मोकळी आहे, याचा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. पूर्वी लिहिता लिहिता वीज गेली की हा हिशेब विस्कटायचा आणि मशीन सुरू होताना सगळी डिस्क तपासत बसायचं. मोठ्या डिस्कला तास तास लागायचा. लिनक्समध्ये २००१ साली एक्स्ट-३ आली आणि तिने कीर्द ठेवायला सुरुवात केली. आता वीज गेली तरी मशीन कीर्द वाचतं आणि काही सेकंदांत हिशेब जुळवून उभं राहतं. एक्स्ट-४ ही तिचीच पुढची पिढी.

पण ही कीर्द हिशेबाची आहे, मालाची नाही. गोदामाच्या वहीत ‘तिसऱ्या रांगेत शंभर पोती’ हे बरोबर लिहिलेलं असतं, पोत्यांत गहू आहे की भुसा याची हमी ती वही देत नाही. मालाचीही कीर्द ठेवायची सोय एक्स्ट-३ मध्ये होती, एक्स्ट-४ मध्येही आहे. पण मग प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागते आणि वेग पडतो, म्हणून सहसा कुणी ती वापरत नाही. नेहमीची पद्धत मधली आहे: फाइलला नवीन जागा दिली असेल तर तिथला माल आधी उतरवायचा, मग हिशेब पक्का करायचा. आधीच असलेल्या जागेवर जुन्याचं नवं केलं असेल, तर मात्र माल आणि हिशेब यांच्या क्रमाचं बंधन नाही.

डेटाबेस नेमकं हेच करत असतो, जुन्या जागेवर नवं लिहीत असतो. म्हणून तो स्वतःची दुसरी कीर्द ठेवतो. ती डिस्कवर खरोखर पोचली की नाही, हे विचारायला त्याच्याकडे एकच हाक आहे: एफ-सिंक. ही हाक मारली की ऑपरेटिंग सिस्टिमने मेमरीत साठवलेलं सगळं डिस्ककडे ढकलायचं, डिस्कनेही स्वतःच्या छोट्या मेमरीतलं खाली उतरवायचं आणि मगच ‘झालं’ म्हणायचं. तोवर डेटाबेस थांबून राहतो. चावडीवरचे पंधरा दिवस ते हेच.

आणि थांबणं महाग असतं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते. एसक्यूलाइट हा जगभर फोनपासून टीव्हीपर्यंत वापरला जाणारा छोटा डेटाबेस. त्याचे निर्माते सांगतात की एका पक्क्या व्यवहाराला अशा डिस्कचे दोन पूर्ण फेरे लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण साठ व्यवहार. तोच डेटाबेस, न थांबता, सेकंदाला पन्नास हजारांवर नोंदी सहज घालतो. साठ आणि पन्नास हजार! एवढा फरक दिसला की कुणाच्याही मनात यायचंच की हे थांबणं बंद करून टाकावं. बंद करायला एक ओळ पुरते.

\*

आमच्या भागातल्या एका दूध संकलन केंद्रात ती एक ओळ कुणीतरी लिहिलेली होती.

केंद्र म्हणजे एक खोली, वजनकाटा, फॅट आणि एसएनएफ मोजायचं मशीन, पावती छापणारा लहान प्रिंटर आणि या सगळ्याला जोडलेला लिनक्सवर चालणारा एक डबा. सकाळ-संध्याकाळ मिळून दीड-पावणेदोनशे घरं दूध घालतात. कॅन रिकामी होते, लिटर येतात, फॅट येते, दराच्या तक्त्यावरून रक्कम निघते, पावती बाहेर येते. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पेंडीचे आणि उचलीचे पैसे कापले जातात. ज्या घरात उसाचा पैसा वर्षातून एकदा आणि कांद्याचा देव जाणे कधी येतो, तिथे या दहा दिवसांच्या बिलावर किराणा आणि शाळेची फी चालते.

एका सकाळी संकलन चालू असताना वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली. वीज आली, डबा सुरू झाला, कुठलीही तक्रार न करता. पण दुधाचा प्रोग्रॅम उघडेना. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवरून सांगितलं की फाइल खराब झालीय, आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून चालू करतो. केंद्र चालू झालं. त्या सकाळी त्या क्षणापर्यंत आलेल्या साऱ्या नोंदी गेल्या.

मी शनिवारी गावी आलो तेव्हा केंद्राचे सचिव आप्पा घरी आले. “तू पुण्यात हेच करतोस ना? जरा बघून दे.” केंद्रात गेलो तर दोन बायका त्याच भांडणासाठी उभ्या होत्या. ज्यांच्याकडे पावती होती त्यांचं दूध आप्पांनी मान्य केलं होतं. एका काकूंनी पावती चुलीत घातली होती.

“काकू, मशीनमध्ये नोंदच दिसत नाही,” कंपनीचा मुलगा म्हणाला.

“मशीनला ठाव न्हाई म्हंजे म्या दूध घातलंच न्हाई का?” काकू म्हणाल्या. “तवा कागूद तुमच्याच मशीननं दिला न्हवं? मग त्यानं दूध घेतल्याबिगर कागूद कसा काय दिला?”

मला वाटतं, डेटाबेसबद्दल याहून नेमका प्रश्न मी कामाच्या ठिकाणीही ऐकलेला नाही. पावती छापणं म्हणजे समोरच्याला शब्द देणं: तुझं दूध आमच्या वहीत लागलं, आता कॅन उचल आणि घरी जा. तो शब्द वहीत नोंद पक्की व्हायच्या आधी दिला, तर तो शब्द नव्हे, अंदाज झाला.

डब्याच्या सेटिंगमध्ये पाहिलं. एसक्यूलाइट होतं आणि त्याचं थांबणं पूर्ण बंद केलेलं होतं. मग फाइल का खराब झाली हेही उलगडलं. एसक्यूलाइट त्याच्या जुन्या पद्धतीत पान बदलण्याआधी जुन्या पानाची प्रत स्वतःच्या कीर्दीत ठेवतं, नवं पान लिहितं आणि काम झालं की कीर्दीची फाइल पुसून टाकतं. थांबणं चालू असेल तर हा क्रम डिस्कवरही पाळला जातो. बंद असेल तर क्रम फक्त मेमरीत राहतो. डिस्कवर काय आधी उतरायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या सोयीने ठरवते. कीर्दीची फाइल पुसली हा फाइल सिस्टिमच्या हिशेबातला बदल, तो साधारण दर पाच सेकंदांनी पक्का होतो. नव्या पानांचा मजकूर मात्र मेमरीत तीस सेकंद रेंगाळू शकतो आणि त्यातली काही पानं आधी, काही नंतर जातात. मधल्या वेळात वीज गेली की नवी पानं अर्धी उतरलेली आणि जुन्या पानांची प्रत मात्र शिस्तीत पुसलेली. फेरफाराची वही जाळली आणि सातबारा अर्धा लिहून ठेवला, असं.

कंपनीचा मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता, “सर, डिस्क चेक केली, एकही एरर नाही.” तो खोटं बोलत नव्हता. फाइल सिस्टिमने तिची कीर्द वाचली होती आणि तिचा हिशेब पैन् पै जुळत होता. काकूंचं दूध त्या हिशेबात कधी नव्हतंच.

\*

मग थांबणं बंद का केलं होतं? मला वाटलं होतं सकाळच्या गर्दीसाठी. पण एका माणसाचं दूध ओतून, मोजून, पावती निघेपर्यंत अर्धं मिनिट जातं. त्यात एक पक्की नोंद करायला सेकंदाचा लहानसा अंश लागतो. रांगेतल्या कुणाला तो कळणारही नाही. म्हणजे जिथे शब्द दिला जात होता तिथे थांबणं जवळजवळ फुकट होतं.

अडचण बिलाच्या दिवशी होती. एकशे साठ सभासद, दहा दिवस, दोन वेळा, म्हणजे ३,२०० नोंदी. प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीवर ‘बिल झालं’ अशी खूण करायचा आणि प्रत्येक खूण हा स्वतंत्र व्यवहार होता. सेकंदाला साठच्या हिशेबानेही जवळपास एक मिनिट झालं. त्या जुन्या डिस्कवर, आप्पा म्हणाले, पूर्वी चार-पाच मिनिटं लागायची. तक्रार केल्यावर कंपनीने ‘स्पीड वाढवून दिला’.

खरा उपाय दोन ओळींचा होता. सगळं बिल एकाच व्यवहारात बांधायचं: सुरुवात, ३,२०० खुणा, शेवट. थांबणं एकदाच, शेवटी. वीज मध्ये गेली तर पूर्ण बिल नाही, पुन्हा काढा. अर्धं बिल कधीच नाही. कंपनीने ते केलं आणि थांबणंही पुन्हा सुरू केलं. बिल आता एका सेकंदाच्या आत निघतं, पूर्वीच्या ‘स्पीड’पेक्षाही लवकर. एकाच ठिकाणी होणारा त्रास घालवण्यासाठी सगळीकडची खात्री विकली गेली होती, आणि विकताना ज्यांचं दूध होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मोठ्या डेटाबेसमध्ये हा सौदा निदान नीट मांडलेला असतो. पोस्टग्रेसमध्ये दोन वेगळ्या कळा आहेत. एक दाबली तर वीज गेल्यावर शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात, पण डेटाबेस मोडत नाही. दुसरी दाबली तर सगळाच कोलमडू शकतो. पहिली कळ कधी कधी शहाणपणाची असते: वेबसाइटवर कुणी काय पाहिलं याच्या शेवटच्या चार नोंदी गेल्या तर काही बिघडत नाही. दुसरी कळ ज्या डेटाची दुसरीकडून पुन्हा भर घालता येते तिथेच. दोन्हींना बाहेरून नाव एकच: वेग.

\*

हे सगळं लिहिताना थांबण्याचं गुणगान करायचा मोह होतो, पण प्रत्येक थांबणं प्रामाणिक नसतं. तलाठी कार्यालयात पंधरा दिवसांची नोंद काही महिने का रखडते, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मुदत हरकतीसाठी असते, त्यापुढचा उशीर कुणाच्याही हिताचा नसतो.

फाइल सिस्टिमच्या इतिहासातही असा उशीर आहे. २००८ साली आलेल्या फायरफॉक्स ३ ने इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइटमध्ये ठेवायला सुरुवात केली आणि तो नोंदी पक्क्या करण्यासाठी एफ-सिंकची हाक मारू लागला. एक्स्ट-३ मात्र एका फाइलसाठी हाक मारली तरी जवळपास साऱ्या फाइलींचा तुंबलेला माल आधी उतरवत असे. मागे मोठी फाइल कॉपी होत असेल तर ब्राउझर काही सेकंद गोठायचा. एका खातेदाराने नोंद मागितली म्हणून साऱ्या गावाचे फेरफार निकाली निघेपर्यंत त्याला बाकावर बसवल्यासारखं. साहजिकच प्रोग्रॅमरांनी ती हाक टाळायला सुरुवात केली, आणि एक्स्ट-३ च्या स्वभावामुळे बहुधा ते खपूनही जायचं.

मग एक्स्ट-४ आली. ती वेगासाठी माल जास्त वेळ मेमरीत धरून ठेवायची. २००९ च्या सुरुवातीला लोकांना मशीन अचानक बंद पडल्यावर शून्य लांबीच्या फाइली सापडू लागल्या: नाव आहे, जागा आहे, आत काही नाही. तिचे प्रमुख विकासक टेड त्सो यांचं म्हणणं होतं की हाक मारली नाही तर हमी नाही, नियमात तसंच आहे. वापरणाऱ्यांचं म्हणणं होतं की काल चालत होतं ते आज का नाही. दोघांचंही खरं होतं. शेवटी एक्स्ट-४ मध्ये अशा नेहमीच्या प्रसंगांसाठी सोय घातली गेली. पण मूळ कारण मला महत्त्वाचं वाटतं. सुरक्षितता विनाकारण महाग ठेवली की लोक तिच्याशिवाय जगायला शिकतात, आणि त्याची किंमत काही वर्षांनी भलत्याच कुणाकडून वसूल होते.

आणि हाक मारूनही भागत नाही, हे २०१८ साली कळलं. मार्चमध्ये क्रेग रिंगर यांनी पोस्टग्रेसच्या विकासकांसमोर एक गोष्ट मांडली. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती चूक एफ-सिंकच्या उत्तरात एकदा सांगतं, पण न लिहिलेली पानं ‘लिहून झाली’ अशी समजून मोकळं होऊ शकतं. पोस्टग्रेस समजत होतं की एकदा नाही जमलं तर पुन्हा हाक मारावी. दुसऱ्यांदा उत्तर यायचं, सगळं ठीक. पानं मात्र गेलेली. सुमारे वीस वर्षं, जगातला अतिशय जपून लिहिलेला एक डेटाबेस या गैरसमजावर चालत होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेला उपाय ऐकायला आडमुठा वाटतो: एफ-सिंकने एकदा जरी नकार दिला तरी पुन्हा विचारायचं नाही. डेटाबेसने तिथल्या तिथे स्वतःला बंद करायचं आणि सुरू होताना स्वतःच्या कीर्दीवरून सगळं परत लावायचं. ज्याच्या ‘झालं’वर विश्वास नाही त्याला परत परत विचारण्यात अर्थ नसतो, आपली वही उघडावी.

त्यामुळे कामावर नवीन सिस्टिम बघताना मी हल्ली सेकंदाला किती व्यवहार होतात हे नंतर विचारतो. आधी विचारतो की ‘जमा झालं’ हा शब्द ती कुणाला देते, कुठल्या क्षणी देते आणि त्या क्षणी नोंद नेमकी कुठे असते. बरेचदा खोलीत शांतता पसरते. कुणी लबाडी केलेली नसते. तो क्षण कुणी ठरवलेलाच नसतो, कुठल्या तरी जुन्या ओळीने तो परस्पर ठरून गेलेला असतो.

केंद्रात यूपीएसची नवी बॅटरी बसली. मी आप्पांना सांगितलं की आता नोंद पक्की झाल्यावरच पावती निघते, पण डिस्क जुनी आहे, ती कधीही दगा देऊ शकते. आप्पा हसले आणि त्यांनी टेबलाच्या खणातून लांबट वही काढली. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, सही. कंपनीने ‘आता याची गरज नाही’ म्हणून ती बंद करायला लावली होती. त्या सकाळनंतर आप्पांनी ती पुन्हा सुरू केली होती. काकूंचं त्या सकाळचं दूध त्यांनी मागच्या दहा दिवसांची सरासरी काढून, तांबड्या शाईने, कंसात लिहून ठेवलं होतं.